ट्रेकसाठी टायटॅनियमचं भांडं: ७५० मिली घेऊ की ११०० मिली? आणि त्यात खिचडी शिजते का?

करवंद:

नमस्कार मंडळी. डिसेंबरात मी आणि माझी धाकटी बहीण रतनगड–कात्राबाई–हरिश्चंद्रगड करतोय, रतनवाडीतून चढून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, मग पाचनईमार्गे वर, तीन मुक्काम. आतापर्यंत मोठ्या ग्रुपबरोबर गेले त्यामुळे भांडी कुणीतरी आणायचंच, आपण फक्त तांदूळ-डाळ आणि कांदे वाहायचे. या वेळी दोघीच आहोत आणि सगळं आपल्याच पाठीवर. घरातला एकात एक बसणारा अ‍ॅल्युमिनियमचा सेट आहे, दोन पातेली एक तवा आणि झाकणं, काल किचनच्या काट्यावर ठेवला तर ६४० ग्रॅम भरला! त्यातलं एकच पातेलं आम्ही खरं वापरतो.

म्हणून टायटॅनियमचं एकच भांडं घ्यावं असं डोक्यात आहे. एक दुकानदार ७५० मिलीचं साडेचार हजाराला देतोय, ११०० मिलीचं सहाच्या पुढे. बजेट पाच, फार तर साडेपाच, आणि पैसे साठवून घेतेय म्हणून चुकायचं नाहीये. प्रश्न असे की दोघींना ७५० पुरेल का, टायटॅनियम खरंच एवढं हलकं असतं का की नुसतं नाव आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आम्हाला रात्री गरम मऊ खिचडी लागते, दिवसभर चालून आल्यावर नूडल्स खाऊन बहिणीचं पोट भरत नाही, तर ती त्यात होते का करपते? पुढच्या सप्टेंबरात हिमाचलात हामटा पासला जायचाय, तिथेही हेच भांडं चालावं अशी इच्छा आहे. स्टोव्ह गॅसच्या डब्यावर स्क्रू होणारा साधा छोटा आहे.

घाटवाट:

करवंद, आधी एक विचारतो, तुमच्या रूटवर जेवण सगळंच स्वतः करायचंय का? पाचनईत घरगुती जेवण मिळतं, हरिश्चंद्रगडावर देवळाजवळच्या झोपड्यांमधून पिठलं-भाकरी मिळते, कुमशेतमध्येही आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तर कुणी ना कुणी भाकऱ्या थापून देतं. म्हणजे खरी स्वयंपाकाची रात्र एकच उरते, रतनगडाच्या गुहेतली. मी गेली सात-आठ वर्षं एक लिटरचा जर्मलचा (म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा) टोप नेतोय, आठवडी बाजारातून घेतलेला, कान कापून टाकलेत, झाकण म्हणून स्टीलची ताटली, सगळं मिळून २१० ग्रॅम. पकडायला सांडशी. साडेचार हजारात तुमची दोघींची चांगली रेनकव्हर आणि हेडटॉर्च येतील असं मला मनापासून वाटतं. आणि गावात जेवलात तर त्या घरात दोन पैसे जातात हेही आहेच.

धातूवेडा:

मी चिंचवडला शीट मेटलच्या कामात आहे, टायटॅनियम रोजचं नाही पण अधूनमधून हाताखालून जातं, म्हणून "खरंच हलकं असतं का" याचं उत्तर हिशोब करून देतो कारण याबद्दल फार गैरसमज आहे.

टायटॅनियम धातू म्हणून अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जडच आहे. एका घन सेंटीमीटरला अ‍ॅल्युमिनियम २.७ ग्रॅम, टायटॅनियम ४.५, स्टील ७.९ च्या आसपास. मग भांडं हलकं कसं होतं, तर ते कडक असल्यामुळे पत्रा खूप पातळ ठेवता येतो, ०.३ ते ०.४ मिमी. अ‍ॅल्युमिनियमचा एवढा पातळ पत्रा सॅकमध्ये एकाच प्रवासात चेपेल, म्हणून तो ०.८ ते १ मिमी ठेवावा लागतो.

आता ७५० मिलीचं नेहमीचं उभट भांडं घ्या, व्यास साडेनऊ सेंमी, उंची ११. बाजूचा आणि तळाचा पत्रा मिळून जवळपास ४०० चौरस सेंमी. ०.४ मिमी टायटॅनियम धरलं तर १६ घन सेंमी म्हणजे ७२ ग्रॅम. तेवढंच भांडं १ मिमी अ‍ॅल्युमिनियममध्ये १०८ ग्रॅम, अर्ध्या मिमीच्या स्टीलमध्ये १५८ ग्रॅम. वर कान आणि झाकण आलं. टोक्स कंपनीचं ७५० मिलीचं टायटॅनियमचं भांडं झाकणासकट १०३ ग्रॅम आहे, म्हणजे हिशोब बरोबर बसतो.

म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या तेवढ्याच आकाराच्या भांड्यापेक्षा बचत ३५ ग्रॅमची आहे, एका केळ्याएवढीसुद्धा नाही. तुमचा सेट ६४० ग्रॅमचा आहे तो अ‍ॅल्युमिनियममुळे नाही, त्यात नको ती दोन भांडी आहेत म्हणून. आधी त्यातलं एकच पातेलं आणि झाकण काढून वजन करा, मला वाटतं दोनशेच्या आसपास येईल. पहिले चारशे ग्रॅम फुकटात कमी झाले.

आता करपण्याचं. उष्णता वाहून न्यायची ताकद अ‍ॅल्युमिनियमची २०० च्या वर, टायटॅनियमची २० च्या आसपास (एकक सोडा, प्रमाण बघा). त्यात पत्रा अडीच पट पातळ. दोन्ही मिळून तळावर उष्णता आडवी पसरण्यात टायटॅनियम पंचवीस पट मागे पडतं. म्हणजे जिथे ज्वाला लागते तिथेच ते तापतं आणि दोन बोटं पलीकडे निवांत असतं. तुमच्या छोट्या स्टोव्हची ज्वाला रुपयाएवढी असते, तर बरोब्बर रुपयाएवढा गोल काळा करपतो. घरी पातळ स्टीलच्या पातेल्यात दूध खाली लागतं ना, अगदी तेच, कारण पातळ स्टीलचा हिशोबही जवळपास तेवढाच येतो. पाण्याला याने काही फरक पडत नाही कारण पाणी स्वतःच आतल्या आत फिरतं आणि उष्णता घेऊन जातं, म्हणून पाणी उकळायला दोन्ही धातूंना जवळपास सारखाच वेळ. घट्ट पदार्थ फिरत नाही म्हणून तो लागतो. एवढंच शास्त्र आहे यात.

टायटॅनियमच्या बाजूनेही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. ते वितळत नाही (१६६८ अंश लागतात), गंजत नाही, चेपत नाही, आणि आंबट चालतं. कोकमाचं सार, चिंच, ताक यातलं काही साध्या जर्मलच्या भांड्यात उकळू नये, टायटॅनियमला काही होत नाही. तळाला निळे-जांभळे रंग येतात तो पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर असतो, खराब झालं असं समजू नका. जर्मलचा टोप रिकामा ज्वालेवर राहिला तर तळ बसतो, माझ्या भावाने राजगडावर पाणी आटेपर्यंत गप्पा मारल्या आणि परत आणला तेव्हा टोप टेबलवर डुगडुगत होता.

शिदोरी:

अगं करवंद, खिचडी होते. मी पाच वर्षं टायटॅनियममध्येच करतेय, ११०० मिलीच्या रुंद भांड्यात, आणि धातूवेडा म्हणतायत ते सगळं खरं असूनही होते, फक्त घरच्यासारखी ज्वालेवर शिजवायची नाही. पहिल्यांदा मीही तशीच शिजवायला गेले होते, त्याच रतनगडाच्या गुहेत, खाली कोळसा आणि वर कच्चे तांदूळ, रात्री नऊ वाजता टाक्यातलं गार पाणी आणून घासत बसले, हात बधिर झाले होते. त्यानंतर घरी गॅसवर आठ-दहा वेळा करून पद्धत बसवली ती सांगते.

तांदूळ एक वाटी, मूगडाळ अर्धी वाटी, ही दोघींना भरपूर होते. मुक्कामाला पोचायच्या तासभर आधी शेवटचं पाणी भरताना हे एका घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत भिजत टाकायचं आणि बरणी सॅकच्या बाहेरच्या खिशात. चालता चालता भिजतं. पोचल्यावर भांड्यात पावणेचार वाट्या पाणी उकळायचं, उकळी फुटली की निथळलेले डाळ-तांदूळ, मीठ, हळद घालून ढवळत राहायचं, ज्वाला एकदम बारीक, तीन-चार मिनिटं. हात थांबवायचा नाही, लाकडी चमचा तळाला लावून. मग स्टोव्ह बंद. झाकण घट्ट लावून भांडं गुंडाळायचं. मी कारच्या काचेला उन्हासाठी लावतात ती चकाकती फोमची शीट कापून टोपी शिवलीये, वजन चाळीस ग्रॅमसुद्धा नाही, त्यात भांडं ठेवून वर फ्लीसचं जॅकेट. पंचवीस मिनिटं हात लावायचा नाही, तेवढ्यात अंथरुणं घालून होतात. मग उघडून एक मिनिट ढवळत परत गरम करायचं आणि वरून तूप. मऊ होते, लागत नाही, आणि गॅस घरच्या पद्धतीच्या निम्मासुद्धा लागत नाही.

फोडणी या भांड्यात करू नकोस. तेल त्या रुपयाएवढ्या जागेत धूर सोडतं आणि मोहरी बाजूला तशीच पडून राहते. मी घरूनच फोडणी करून, त्यात शेंगदाणे कढीपत्ता सुकं खोबरं कुरकुरीत करून छोट्या डबीत नेते, चार दिवस आरामात टिकते. पिठल्याचा नाद सोड, पिठलं गावात खा, घाटवाट म्हणतात तसं, तिथल्या चुलीवरच्या पिठल्याची बरोबरी होणार नाही. सकाळी घरून भाजून आणलेला उपम्याचा रवा, फोडणी त्यातच, उकळतं पाणी ओतून आठ मिनिटं झाकायचा. चहाला दूध भांड्यात उकळायचं नाही, पावडर कपात घालायची आणि वर चहाचं पाणी. भांडं फक्त चहाच्या पाण्याचं राहिलं की विसळून होतं.

दोघींना ७५० पुरणार नाही. एक वाटी तांदळाची खिचडी फुगून त्यात काठोकाठ येते आणि उभट भांड्यात तळापर्यंत चमचा नीट फिरत नाही, उतू गेली की सगळं स्टोव्हच्या भोकांत. एकटीला ७५० उत्तम, दोघींना १००० ते १२०० आणि रुंद. रुंद तळाला गॅसही कमी लागतो, उभट भांड्यात ज्वाला बाजूने वर निघून जाते.

निवडुंग:

साइजबद्दल एक व्यवहारी गोष्ट, आपण भांडं ठरवतो आणि मग डबा आत बसत नाही. छोटा १०० ग्रॅम गॅसचा डबा ९ सेंमी व्यासाचा, तो ७५० मिलीच्या भांड्यात स्टोव्हसकट बसतो. २३० ग्रॅमचा ११ सेंमीचा, त्याला रुंद भांडंच लागतं. मला इथे छोटा डबा दर वेळी मिळत नाही, मिळतो तो २३० चाच, तेव्हा शिदोरीताईंच्या रुंद भांड्याला माझंही मत. दुकानात जाताना आपला डबा बरोबर घेऊन जा आणि आत ठेवून झाकण लागतं का बघा.

गॅसचा हिशोब असा, वारा नसेल तर अर्धा लिटर पाण्याला सहा-सात ग्रॅम. दोघींचं सकाळ-संध्याकाळ मिळून दोन-सव्वादोन लिटर उकळलं तर दिवसाला तीस ग्रॅम, वाऱ्यात दुप्पट धरा. एक २३० चा डबा चार दिवसांना बास. भरलेला डबा पावणेचारशे ग्रॅमचा असतो, म्हणजे भांड्यातले तीस ग्रॅम वाचवण्यापेक्षा अर्धा वापरलेला डबा काट्यावर तोलून तोच नेणं जास्त फायद्याचं, हे माझ्याही उशिरा लक्षात आलं.

आणि कृपा करून वाऱ्यासाठी स्टोव्हभोवती पत्र्याचं पूर्ण कुंपण करू नका. डब्यावर स्क्रू होणाऱ्या स्टोव्हला ते अतिशय धोक्याचं आहे, डबा तापून फुटू शकतो. दगडाच्या आडोशाला, एका बाजूला सॅक लांब ठेवून, आणि मधूनमधून डब्याला हात लावून बघा, गार असला पाहिजे. तंबूच्या आतही पेटवू नका.

घाटवाट:

शिदोरीताई, बरणीत भिजवत चालायची युक्ती मी नक्की करून बघणार, इतकी वर्षं पोचल्यावर भिजवत बसायचो. एक मुद्दा मात्र राहतोय, चूल. काहीजण टायटॅनियम यासाठीच घेतात की थेट लाकडावर ठेवता येतं. त्या भागात ते डोक्यातून काढून टाका, सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, जाळ करायला मनाई आहे आणि डिसेंबरात गवत वाळायला लागलेलं असतं. वणवा लागलेला डोंगर मी उतरून आलोय, नंतर दोन वर्षं कारवीसुद्धा धड उभी राहिली नव्हती तिथे.

करवंद:

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं नीट कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. धातूवेडा, तुम्ही म्हणालात तसं केलं, सेटमधलं मोठं पातेलं आणि झाकण १९५ ग्रॅम. म्हणजे ११०० मिलीचं टायटॅनियमचं भांडं समजा १४०-१५० ग्रॅमचं असेल तर फरक पन्नास ग्रॅम आणि किंमत सहा हजार. बहिणीला दाखवलं तर ती म्हणाली ताई पन्नास ग्रॅम मी उचलते, तू ते पैसे ठेव.

पण हामटाचं काय? तिथे वर गाव नाही, जेवण पूर्ण आपलंच, आणि उंचीवर भात शिजतच नाही म्हणतात, मग तिथे भांडं कुठलंही असो खिचडी होणारच नाही का?

शिदोरी:

उंचीचा फरक खूप पडतो गं. दर तीनशे मीटरला पाणी साधारण एक अंश आधी उकळतं. हरिश्चंद्रगड १४२२ मीटर म्हणजे ९५ अंश, तिथे फारसं जाणवत नाही, पाच मिनिटं जास्त झाकून ठेवायचं. हामटा ४२७० मीटर, वरच्या मुक्कामांना पाणी ८७-८८ अंशांनाच उकळतं आणि मग तूरडाळ, चणे, राजमा विसरायचे, तांदूळही दाताखाली येतात. ग्रुपवाले म्हणूनच कुकर नेतात. मी तिकडे कच्चे तांदूळ नेतच नाही. घरी मोकळा भात करून उन्हात कडकडीत वाळवून नेते, तो उकळत्या पाण्यात वीस मिनिटांत परत फुलतो, सोबत भाजलेल्या मूगडाळीची भरड, मेतकूट, तूप. पोहेही जाडे न्यायचे, ते आधीच शिजलेले असतात. म्हणजे तिकडे तुला फक्त पाणीच उकळायचंय, आणि त्या कामाला टायटॅनियमइतकं चांगलं भांडं नाही. माझं म्हणशील तर डिसेंबरात घरचंच पातेलं ने, बघ कसं वाटतं, आणि हिमाचलच्या आधी पैसे जमले तर तेव्हा घे.

धातूवेडा:

घ्याल तेव्हा दोन गोष्टी बघा. भांडं एका पत्र्याचं हवं, दुहेरी भिंतीचं नको. दुहेरी भिंतीचे कप चहा गरम ठेवायला छान असतात पण ते ज्वालेवर ठेवायचेच नाहीत, मधली बंद हवा तापून कप फुटतो. आणि कानांवर सिलिकॉनचं आवरण असेल तर ज्वाला मोठी केल्यावर तेही जळतं, ज्वाला तळाच्या आत ठेवा. नवीन भांड्याला कारखान्यातल्या तेलाचा वास असतो, लिंबू पिळून एकदा पाणी उकळून ओतून द्या.

निवडुंग:

हामटाला जाताना गॅसचा डबा इथून नेऊ नका. विमानात केबिनमध्येही नाही आणि चेक-इनमध्येही नाही, रेल्वेतही मनाई आहे. मनालीत मिळतो, तिथेच घ्या, फक्त प्रोपेन मिसळलेला आहे का ते डब्यावर वाचून घ्या, नुसता ब्युटेन शून्याच्या आसपास पेटायला त्रास देतो. रात्री डबा स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी ठेवला की सकाळचा चहा वेळेत होतो.

करवंद:

ठरलं मग. डिसेंबरात १९५ ग्रॅमवालं पातेलं, सांडशी आणि चकाकत्या शीटची टोपी, उद्याच शिवायला घेते. आज संध्याकाळी गच्चीवर स्टोव्ह लावून शिदोरीताईंच्या पद्धतीने खिचडी केली, अ‍ॅल्युमिनियममध्येच, जॅकेटात गुंडाळून पंचवीस मिनिटं ठेवली. डाळ अगदी मऊ झाली, तांदूळ किंचित कमी शिजला, बहुतेक मी भिजवले अर्धाच तास. गॅस आधी-नंतर तोलला, १४ ग्रॅम लागला. उद्या पूर्ण तासभर भिजवून परत करते आणि इथे लिहिते. शिदोरीताई, पाणी पावणेचार वाट्याच ना, की वाऱ्यात थोडं जास्त घेऊ?

शिदोरी:

चार घे. पातळ झाली तर रात्री थंडीत प्यायलाही बरी वाटते.